‘बहाल’ म्हणजे काय

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. लातूरला मुलाकडे राहायला आल्यापासून सकाळी फिरताना दोन-चार समवयस्क भेटतात. गाव का सोडलंत, असं ते अधूनमधून विचारतात. मी गुडघ्याचं कारण सांगतो. गुडघा दुखतो हे खरं आहे, त्याचा डॉक्टरही इथलाच आहे, त्यामुळे पुढे कोणी खोदून विचारत नाही. पण गुडघा गावातही दुखायचाच. खरं कारण असं की आमच्या गावात फिरायला एकच जागा आहे, नगरपरिषदेची बाग, आणि त्या बागेत पाऊल टाकणं मला होईनासं झालं.

लिहितो आहे ते कोणाला अडकवण्यासाठी नाही. म्हणून गावाचं नाव घेत नाही, माणसांचीही नाही. जळकोटकडून नायगावकडे निघालं की मध्ये जो पट्टा लागतो, त्यातलं एक मध्यम गाव समजा. मी तिथल्या तहसिलीत रेकॉर्ड रूमला कारकून होतो. वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. त्यांनी मला घरीच उर्दू वाचायला शिकवलं होतं. जुने कागद बाकी कोणाला वाचता येत नसत, त्यामुळे साहेब बदलत गेले तरी माझी खुर्ची हलली नाही. निवृत्त झाल्यावरही जमिनीचा वाद निघाला की माणसं जुना कागद घेऊन घरी यायची. ‘काका म्हणले म्हंजे तसंच असंल,’ असं म्हणून जायची. मला ते फार आवडायचं.

त्या खोलीत मला संशय घ्यायची सवय लागली. कागद हातात आला की मजकूर नंतर, आधी खाडाखोड बघायची, शाई बघायची, आणि यात कोणाचं भलं झालं ते शोधायचं. ते सापडलं की कागद कळला. पुढे पुढे मी माणसंही तशीच वाचू लागलो. बायको म्हणायची, ‘तुम्हाला कुणी पाण्याचा गिलास दिला तरी तुम्ही तो खालून बघता.’

आता ओढ्याबद्दल सांगतो. गावाच्या कडेनं एक ओढा जातो. उन्हाळ्यात त्यात बाभळी आणि प्लास्टिक एवढंच असतं. माझ्या लहानपणी त्याच्या डाव्या अंगाला मोठी खोलगट मोकळी जागा होती. तिथे जनावरांचा बाजार भरायचा. पावसाळ्यात ओढा फुगला की त्या मोकळ्या जागेवर पाणी पसरायचं, दोन दिवस उभं राहायचं आणि उतरून जायचं. बाजार तेवढ्यापुरता शाळेच्या मैदानावर जायचा. कोणी त्याला पूर म्हणत नसे. ‘बाजारात पाणी बसलंय’ म्हणायचे, जसं एखादा पाहुणा येऊन बसावा.

पुढे हा बाजार कृषी उत्पन्न समितीच्या आवारात गेला आणि त्या जागेवर बाग झाली. भर टाकून जमीन उचलली, ओढ्याच्या अंगाला सिमेंटची उंच भिंत बांधली, हिरवळ लावली, लोखंडी व्यायामाची यंत्रं बसवली, आणि एक कारंजं केलं जे उद्घाटनाच्या दिवशीच उडालं. ज्येष्ठ नागरिकांसाठी कट्टा मागायला मीच पुढे होतो. कट्टा मिळाला. संध्याकाळी आम्ही त्यावर बसायचो आणि गावात कोण काय खातंय याचा अंदाज बांधायचो.

भिंत झाल्यापासून ओढ्याचं पाणी खालच्या गल्लीत शिरायला लागलं. ही गल्ली बागेच्या पुढे, ओढा वळतो तिथे आहे. गवंडी, वीटभट्टीवाले, भाजी विकणाऱ्या बायका अशांची घरं. भिंत आणि पाणी यांचा संबंध आम्ही कधी जोडला नाही. कोणी म्हणायचं वरच्या तलावाचं दार मुद्दाम उघडतात, कोणी म्हणायचं भरपाईसाठी गल्लीवालेच नाली तुंबवतात. दुसरं म्हणणं कट्ट्यावर जास्त चालायचं. मीही मान हलवायचो.

अशात नगरपरिषदेत एक नवी इंजिनिअर बाई आली. नायगावकडच्या खेड्यातली, तिशीच्या आतबाहेरची. तोंडाला ओढणी बांधून स्कूटीवर यायची आणि भर उन्हात ओढ्यात उतरून मोजमाप करायची. लाल झेंड्या बांधलेल्या काठ्या तिनं बागेतही ठोकल्या. एक काठी आमच्या कट्ट्याच्या मागे होती. त्या काठीकडे बघत आम्ही संध्याकाळच्या संध्याकाळ काढल्या.

एकदा ती कट्ट्यावर आली. नमस्कार केला आणि म्हणाली, ‘काका, पूर्वी पाणी कुठपर्यंत यायचं हो?’

मी म्हणालो, ‘कशासाठी?’

तिनं समजावून सांगितलं. भिंत काढायची, टाकलेली भर उचलायची, काठ पुन्हा उतरता करायचा. तिथे करंज, जांभूळ, वाळा असलं पाणी सोसणारं लावायचं. फिरायचा रस्ता वरच्या अंगाला घ्यायचा. पावसाळ्यात ओढा फुगला की पाणी बागेत पसरेल, दोन दिवस थांबेल आणि उतरेल. खालच्या गल्लीकडे लोंढा जाणार नाही.

‘म्हणजे बागेत पाणी सोडायचं,’ मी म्हणालो.

‘सोडायचं नाही काका. ते येतंच होतं. आपण अडवलंय.’

‘आणि हे कुणी करायला सांगितलं?’

‘कोणी नाही. मीच प्रस्ताव दिलाय.’

ती गेल्यावर माझ्या शेजारी बसलेला निवृत्त कंडक्टर म्हणाला, ‘कुनी सांगितलं न्हाई म्हणती. म्हंजे लई वरून सांगितलंय.’ आम्ही सगळे हसलो, पण मला ते पटलं होतं. बाजार कुठपर्यंत भिजायचा हे मला ठाऊक होतं. तिला मी ते सांगितलं नाही. ‘आता आठवत नाही,’ म्हणालो. कशाला उपयोगी पडणार आहे हे कळल्याशिवाय आठवण द्यायची नाही, अशी माझी रीत होती.

बागेला लागून एक मंगल कार्यालय आहे. त्याचे मालक जुने आडत व्यापारी. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. कपाळाला विभूती, आवाज कधी चढलेला नाही. संध्याकाळी बागेतून निघालो की ते फाटकातल्या छोट्या ऑफिसातून हाक मारायचे, ‘काका, या. च्या सांगितलाय.’ लग्नसराईत त्यांच्याकडच्या पाहुण्यांच्या गाड्या बागेच्या ओढ्याकडच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत लागायच्या. जागा नगरपरिषदेची, पण कोणी हटकत नसे. मीही कधी हटकलं नाही. आप्पांबद्दल मला एकदाही संशय आला नाही हे आज लिहिताना माझंच मला नवल वाटतं. बहुतेक त्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं म्हणून.

प्रस्ताव पुढे सरकला आणि नगरपरिषदेच्या फलकावर जाहीर सूचना लागली. नागरिकांच्या हरकती मागवल्या होत्या. विषय असा लिहिला होता: ‘शहर उद्यानातील ओढ्याकाठची पूरजमीन बहाल करणेबाबत.’

आप्पांनी मोबाइलवर त्या सूचनेचा फोटो काढून आणला होता. चहा येईपर्यंत त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

‘काका, ह्ये बहाल म्हंजे काय वो?’

मी चष्मा लावून वाचलं आणि सांगून टाकलं. सांगताना मला आनंदच झाला, कारण असा प्रश्न बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, हा फारसीतून आलेला शब्द आहे. हाल म्हणजे स्थिती. बहाल म्हणजे आपल्या स्थितीत, होतं तसं. जुन्या कागदांत हुकूम बहाल राहिला असं यायचं, म्हणजे तो होता तसा कायम राहिला. इंजिनिअर बाईला म्हणायचंय की जमीन पूर्वी होती तशी करायची. राज्याच्या सरहद्दीकडच्या गावांत अजून असं बोलतात.

आप्पांनी ऐकून घेतलं. बशीत चहा ओतला.

‘असं व्हय. मला तर वाटलं कुनाला तरी बहाल करून राहिले. जमीन बहाल केली, पदवी बहाल केली, असं म्हंत्यात की आपल्यात.’

‘तोही अर्थ आहेच. मराठीत आता तोच जास्त चालतो.’

‘मंग लोकांला तर त्योच कळंल.’

‘कळेल.’

‘तुम्हाला विचारतील लोक,’ आप्पा म्हणाले. ‘शब्दाचं काय निघालं की तुमच्याकडंच येत्यात. आता फारसी-बिरसी सांगत बसलाव तर निम्म्याला कळायचं न्हाई, निम्मे म्हणतील बाईनं काकांला गाठलंय. आपल्यात जे म्हंत्यात ते सांगितलं तरी काय खोटं न्हाई ते.’

एवढंच. त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही, मी काही कबूल केलं नाही. दोघांनी मिळून पारलेचा एक पुडा संपवला.

घरी आल्यावर बायकोला मी हे शब्दाचं सांगितलं, आपली हुशारी म्हणून. ती मेथी निवडत होती. म्हणाली, ‘मग हे त्या पोरीलाच जाऊन सांगा की. शब्द बदलून टाकंल बिचारी.’

‘ती काय बिचारी आहे? तिच्यामागं कोण आहे ते बघायला पाहिजे.’

‘तिनं तुमचं काय घेतलंय?’

मला खरंच वाटत होतं की काहीतरी घेणार आहे. एक सरकारी बाई, कोणी सांगितलेलं नसताना, उन्हात ओढ्यात उभी राहते. तिला यातून काही मिळत नाही, हे मान्य करणं म्हणजे माझी सगळी नोकरी चुकीची ठरवण्यासारखं होतं. बागेत पाणी आलं की बाग वापरातून जाईल, मग निरुपयोगी म्हणून ती कोणाच्या तरी घशात घालतील, असा मी मनाशी हिशेब मांडला होता. गाव असाच विचार करत होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं मला आजही फार दिसत नाही. असं होताना आम्ही अनेकदा पाहिलेलं होतं. वाईट पुढे झालं.

हरकतींवर चर्चेसाठी नगराध्यक्षांनी नगरपरिषदेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. पुढे नगरसेवक, मागे लोक. खालच्या गल्लीतल्याही काही बायका आल्या होत्या, दाराशी उभ्या होत्या. इंजिनिअर बाईनं भिंतीवर नकाशा लावला आणि बोलायला सुरुवात केली. ती बरं बोलत होती, पण तिचं लक्ष लोकांपेक्षा नकाशाकडे जास्त होतं. दहा-पाच वाक्यं झाली असतील नसतील, तेवढ्यात मोबाइलच्या दुकानाचा मालक उठला.

‘मॅडम, नकाशा ऱ्हाऊ द्या. बहाल करायलाव म्हणता. कुनाला करायलाव तेवढं सांगा.’

‘ओढ्याला,’ ती म्हणाली.

सभागृह हसलं. एक जण म्हणाला, ‘ओढ्याच्या नावचा सातबारा हाय का?’ दुसरा म्हणाला, ‘आधार कार्ड जोडलंय का बघा.’ नगरसेवकही मागे वळून हसायला लागले. बाईही थोडी हसली, तिला वाटलं गंमत चालली आहे.

‘तसं नाही,’ ती म्हणाली. ‘बहाल म्हणजे होतं तसं करणं. माझे वडील असंच म्हणतात. गेलेली लाइट आली की लाइट बहाल झाली म्हणतात.’

‘कुठं म्हंत्यात असं?’

‘आमच्याकडं. नायगावच्या बाजूला.’

‘मंग नायगावचं नायगावात ठिवा की. हितं आमच्या बागंत कामून आणलं?’

आता हसण्याचा सूर बदलला होता. कोणीतरी मागून म्हणालं की शब्दाच्या आडून जागा देऊन टाकायचा डाव आहे. नगराध्यक्षांनी हात वर केले. ते स्वभावानं भांडणाला भिणारे. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

‘थांबा. आपल्यात जाणकार मानूस बसलाय की. काका, तुमी सांगा. सगळी हयात कागदात गेली तुमची. बहाल म्हंजे काय?’

मी उठलो. इंजिनिअर बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. रेकॉर्ड रूमचा, उर्दू वाचणारा माणूस आहे म्हटल्यावर हा तरी सांगेल, असं तिला वाटलं असणार.

मी म्हणालो, ‘मराठीत बहाल करणे म्हणजे देणे. मान बहाल करतात, पदवी बहाल करतात, जमीन बहाल करतात. देणारा असतो आणि घेणारा असतो.’ मग मी जरा थांबलो. ते थांबणं मला चांगलं आठवतं, कारण ते मी मुद्दाम केलं. ‘इथं घेणारा कोण, ते लिहिलेलं नाही.’

आणि बसलो.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कल देण्याचा एक रिवाज होता. मागितलं तेवढंच पान द्यायचं. शेजारच्या पानावर त्याच जमिनीबद्दल दुसरं काही लिहिलेलं असलं तरी आपण होऊन दाखवायचं नाही. विचारलं तर आहे, नाही विचारलं तर नाही. मी त्या दिवशी शेजारचं पान दाखवलं नाही.

टाळ्या पडल्या. बाई नकाशाजवळ उभीच होती. मग ती खाली बघून नकाशाच्या टाचण्या काढायला लागली. दाराशी उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीनं विचारलं, ‘मंग आमच्या गल्लीचं काय?’ नगराध्यक्षांनी प्रस्ताव पुढच्या विचारासाठी ठेवला म्हणून जाहीर केलं. असं म्हटलं की तो परत येत नाही, हे मला माहीत होतं. नोकरीत असे कितीतरी विषय मी स्वतः दोरीनं बांधून वरच्या फळीवर ठेवले होते.

बाहेर पडताना आप्पा माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, ‘नेमकं बोललाव काका.’ मला तेव्हा बरं वाटलं.

त्यानंतर गावानं तिला ‘बहालबाई’ म्हणायला सुरुवात केली. स्कूटी दिसली की पोरं म्हणायची, बहालबाई आली. मग बातमी उठली की ओढ्याकाठी तिच्या मामाचे प्लॉट आहेत. कट्ट्यावर कंडक्टरनं मला विचारलं, ‘खरं असंल का वो काका?’ मी म्हणालो, ‘असेल.’ मामा आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावात ‘काकांनी कागद बघितलाय’ असं झालं होतं, आणि मी ते खोडलं नाही. पुढे निनावी अर्ज गेले, चौकशी लागली. चौकशीत काही निघालं नाही, निघणारच नव्हतं. पण तोवर तिची बदली नांदेडला झाली होती. कार्यालयातला शिपाई सांगत होता की टेबल आवरताना ती कोणाशी बोलली नाही, फक्त फलकावरची ती जुनी सूचना अजून तशीच होती ती काढून घेतली.

त्याच वर्षी भाद्रपदात, घरोघरी महालक्ष्म्या बसलेल्या असताना, ओढा फुगला. भिंतीनं बाग कोरडी ठेवली. पाणी खालच्या गल्लीत गेलं. सकाळी मी पुलावर गेलो तेव्हा बायका महालक्ष्म्यांचे मुखवटे परातीत घेऊन शाळेच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. धान्य भिजलं, गाद्या भिजल्या, एका घराची मागची भिंत बसली. जीव कोणाचा गेला नाही. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, यंदा वरच्या तलावाचं दार कोणीतरी उघडलं असणार. पहिल्यांदाच माझी मान हलली नाही. मी पाण्याकडे बघत होतो. बागेच्या भिंतीला घासत ते सरळ येत होतं, आणि वळणावर गल्लीत घुसत होतं. हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं.

दिवाळीनंतर आप्पांनी भिंतीलगतच्या त्या जागेवर, जिथे पाहुण्यांच्या गाड्या लागायच्या तिथे, फरशीचे ठोकळे बसवले आणि साखळी लावली. मी येता-जाता ते काम बघत होतो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. भिंत गेली असती, काठ उतरता झाला असता, तर पहिली ती जागा गेली असती. ज्याच्यामागे कोण आहे हे मी शोधत होतो तो प्रस्ताव एकटाच होता. मागे कोणी होतं ते माझ्या.

आप्पांना मी कधी विचारलं नाही. ते हाक मारत राहिले, मी जात राहिलो. एकदा मी ठोकळ्यांकडे बघत म्हणालो, ‘चांगलं झालं हे.’ ते म्हणाले, ‘हाव, चिखल लई व्हायचा.’ मी चहा प्यायलो. त्यांना दोष देऊन मोकळं होण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. जमत नाही. सभेत ते बोलले नव्हते, आणि शब्दाचा खरा अर्थ लपवायला त्यांनी माझ्या तोंडावर हातही ठेवला नव्हता.

बायको हे सगळं ओळखून होती. आजारपणात एकदा म्हणाली, ‘त्या पोरीला भेटून या एकदा.’ मी म्हणालो, ‘बघू.’ बायको गेली त्यालाही आता काळ लोटला.

पुढे नगरपरिषदेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासक आले. त्यांनी तोच प्रस्ताव फळीवरून काढला. या वेळी विषय लिहिला होता ‘ओढ्याकाठच्या पूरक्षेत्राचे पुनरुज्जीवन’. सभा नाही, हरकत नाही, सहीनं मंजूर झाला. आम्ही कट्ट्यावर ‘यात कोण खाणार’ याची चर्चा केली, पण कोणाला जोर नव्हता. यंत्रं आली, भिंत पडली, भर उचलली गेली, साखळी आणि ठोकळे गेले, आमचा कट्टाही गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी बागेत बसलं. दोन दिवस वाळ्यात उभं राहिलं आणि उतरून गेलं. खालच्या गल्लीत नाली तेवढी भरली. लोक प्रशासकांचं नाव काढतात. बागेच्या दाराशी नकाशाचा फलक आहे. तो नकाशा मी आधी सभागृहाच्या भिंतीवर टाचण्यांनी लावलेला पाहिला होता. रेषाही त्याच आहेत. फलकासमोर उभं राहून लोक मला विचारायचे, ‘काका, चांगलं काम झालं न्हाई का?’ एक-दोनदा हो म्हणालो. मग जायचंच बंद केलं, आणि मुलानं बोलावलं तेव्हा लातूरला आलो.

गेल्या वर्षी डोळे दाखवायचं निमित्त काढून नांदेडला गेलो. डोळे लातूरलाही दाखवता आले असते. मुलाला संशय आला असावा, पण त्यानं विचारलं नाही. बसमध्ये अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि मी सगळा वेळ एकच वाक्य मनात घोळवत होतो. लांब वाक्य केलं की त्यात सबब शिरायची, म्हणून ते छाटत छाटत आखूड केलं होतं.

ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात होती. केस थोडे पांढरे झालेले. मला वाटलं होतं ती ओळखणार नाही, किंवा ओळखून तोंड फिरवेल. दोन्हीची मी तयारी केली होती. ती खुर्चीवरून उठली.

‘काका, तुम्ही? इतक्या लांब? बसा बसा.’ तिनं स्वतः माठातलं पाणी आणून दिलं. काकू कशा आहेत विचारलं. मी सांगितलं. तिनं पेला पुन्हा भरून दिला. मग गावाचं विचारलं. ‘ओढ्याचं झालं म्हणे. फोटो पाहिले मी. वाळा चांगला धरलाय.’

‘हो. पाणी पसरतं आता.’

‘मग झालं तर,’ ती म्हणाली. खरोखर आनंदानं म्हणाली. मी तिच्या चेहऱ्यात दुसरं काही शोधलं, जुन्या सवयीनं. काही नव्हतं.

‘त्या वेळी...’ मी सुरुवात केली.

‘त्या वेळी माझंच चुकलं काका,’ ती मध्येच म्हणाली. ‘खेड्यातलं बोलणं तसंच्या तसं सूचनेत लिहिलं. तुम्ही सभेत अर्थ सांगितलात तेव्हा कळलं मला. लोक ओरडत होते, तुम्ही एकटेच शांतपणे बोललात. नंतर मी पुष्कळ विचार केला. जाणता माणूस सांगतो म्हणजे आपलंच मराठी कच्चं. एका शब्दापायी गल्लीवाल्यांना इतकी वर्षं पाण्यात काढावी लागली. आता मी लिहिलेलं सगळं दुसऱ्याला दाखवून घेते.’ मग हसून म्हणाली, ‘घरी वडील अजून म्हणतात, लाइट बहाल झाली. मी टोकते त्यांना. म्हणते, अण्णा, तसं नाही म्हणत. ते आता माझ्यासमोर जपून बोलतात.’

एवढ्यात कोणीतरी सहीला फाइल घेऊन आलं. तिनं ती सही करून दिली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. ‘काही काम होतं का काका? संकोच करू नका.’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘डोळ्यांसाठी आलो होतो. म्हटलं भेटून जावं.’

ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. पायऱ्या उंच होत्या, तिनं माझ्या कोपराला हात दिला. खाली पोचल्यावर वाकून नमस्कार केला. ती सरळ उभी राहीपर्यंत मला वेळ होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. वाक्य तयार होतं, बसमध्ये छाटून ठेवलेलं, आता तिच्या वडिलांनाही सांगता येईल असं: बाई, शब्द तुमचा बरोबर होता, ते मला त्या दिवशीही माहीत होतं, मला माफ करा. मी ‘सुखी राहा’ म्हणालो आणि फाटकाकडे चालायला लागलो.